मालाचं वर्णन : लेथ मशीन

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत मी तिथे एका सीएचएकडे, म्हणजे क्लिअरिंग एजंटकडे, कागद भरायला लागलो. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. त्यामुळे कुठलाही माल माझ्या लेखी आधी कागदच असतो. पाठवणारा कोण, घेणारा कोण, वर्णन काय, वजन किती, एचएस कोड कोणता. डबा उघडून आत बघायची वेळ क्वचितच येते.

म्हणून मार्च २०२४ मधली ती बातमी मी कारकुनाच्या डोळ्यांनी वाचली. चीनहून कराचीला निघालेलं एक जहाज २३ जानेवारीला आमच्या बंदराला लागलं होतं. त्यातला एक माल कस्टम्सने अडवला. वजन २२,१८० किलो. आत इटालियन बनावटीचं सीएनसी यंत्र. डीआरडीओच्या माणसांनी येऊन तपासलं. कागदावर घेणारा सियालकोटचा, पण माल खरा दुसऱ्याच कंपनीचा, असा तपास करणाऱ्यांचा दावा होता. पाकिस्तानचं म्हणणं सरळ होतं : मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कराचीतल्या एका कंपनीचं ते साधं लेथ मशीन आहे.

सियालकोट म्हटलं की फुटबॉल आणि शस्त्रक्रियेची हत्यारं. तिथे लेथ जाणं यात मला तरी काही वावगं दिसलं नसतं. पण घेणारा एक आणि माल दुसऱ्याचा, हे कळलं की आमच्या धंद्यात कान टवकारतात.

आता लेथचा आणि अणुबॉम्बचा संबंध काय? खाणीतल्या युरेनियममध्ये बॉम्बच्या कामाचा यू-२३५ असतो जेमतेम ०.७ टक्के. तो नव्वदच्या घरात न्यायचा तर युरेनियमचा वायू करून उभ्या नळकांड्यांत गरगर फिरवायचा, मिनिटाला पन्नास-साठ हजार फेरे. याला सेंट्रिफ्यूज म्हणतात. अशी हजारो नळकांडी एकाला एक जोडावी लागतात. त्या वेगाला नळकांडं केसभर जरी वाकडं असलं तरी त्याच्या ठिकऱ्या उडतात. म्हणून ते कातायला हात नाही, संगणकाने चालणारं सीएनसी यंत्र लागतं. तेच यंत्र रबाळ्याच्या एमआयडीसीत पंपाचा शाफ्टही कातून देईल. यंत्राच्या तोंडावर काही लिहिलेलं नसतं, खरी पंचाईत तिथेच आहे.

जगाला हे नीट कळलं २००३ च्या ऑक्टोबरात. ‘बीबीसी चायना’ नावाचं जहाज दुबईहून लिबियाला चाललं होतं, ते इटलीतल्या तारांतो बंदरात वळवलं. पाच डब्यांत सेंट्रिफ्यूजचे भाग निघाले. पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांचं दुकान त्यातून उघडं पडलं. डिसेंबरात लिबियाने अणुकार्यक्रम सोडला, फेब्रुवारीत खान यांनी टीव्हीवर कबुली दिली आणि एप्रिल २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला : प्रत्येक देशाने असा माल रोखायचा कायदा करावा. आपला कायदा २००५ चा. आपल्या बंदरातून नुसता पुढे जाणारा मालही त्याच्या कक्षेत येतो.

गंमत अशी, की या कुंपणाचा एक मोठा खांब आमच्याच खाडीपलीकडे रोवला गेला. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाताना ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तिथल्या ‘सायरस’ अणुभट्टीसाठी कॅनडाने मदत दिली, अमेरिकेने जड पाणी दिलं, ते शांततेच्या कामाला. तिच्यातलं प्लुटोनियम १८ मे १९७४ ला पोखरणला वापरलं गेलं. आपण त्याला शांततेसाठीचा स्फोट म्हटलं. कॅनडा भडकला, आणि पुढच्याच वर्षी लंडनला सात देश जमले. तोच आजचा अणुपुरवठादार देशांचा गट, एनएसजी. २००८ मध्ये त्याने आपल्याला खास सूट दिली, सभासद मात्र अजून करून घेतलेलं नाही.

अण्वस्त्रप्रसारबंदी करारावरही आपली सही नाही. १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केलेले पाच देश सोवळे, बाकी सगळे ओवळे, हा हिशेब मला कधी पटला नाही. पण कॅनडाचा रागही मला समजतो. घेणाऱ्याने लिहून दिलेल्या वापरावर विश्वास ठेवून त्यांनी माल दिला होता.

तरी अशा मालाच्या याद्या आपण पाळतो. वासेनार नावाच्या गटात आपण डिसेंबर २०१७ मध्ये गेलो. अशी यंत्रं त्याच्याही यादीत आहेत. आपल्या यादीचं नाव स्कोमेट, परवानगी देतं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी. या यादीचा मला आलेला अनुभव साधाच. रबाळ्याच्या एका छोट्या कारखानदाराचा व्हॉल्व्ह बाहेर जायचा होता, निकेलच्या मिश्रधातूचा, बेलोज-सीलवाला. मी म्हटलं, शेठ, हा यादीत बसेल असं वाटतं, डीजीएफटीला विचारा. ते उसळले, “आम्ही काय बॉम्ब करतो काय? उद्या स्क्रूसुद्धा अडवाल!” डिलिव्हरीची तारीख टळली, मला चार शब्द ऐकावे लागले. शेवटी परवानगी आली. सोबत परदेशातल्या गिऱ्हाइकाचं लेखी हमीपत्र होतं : हा व्हॉल्व्ह खत कारखान्यात बसणार. सही होती, शिक्का होता. मी त्याची प्रत फाइलला लावली, कंटेनरला सील झालं, जहाज गेलं.

तो व्हॉल्व्ह खरंच खताच्या कारखान्यात बसला का, हे शेठने कधी विचारलं नाही. मीही नाही.