रुंद मैदान, अपुरा वेळ

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दर प्रयत्नानंतर खेळ थांबतो. आक्रमक संघ घोळका करून पुढची चाल ठरवतो, दोन्हीकडचे खेळाडू बदलतात, बचाव करणारे दम खातात. महाविद्यालयीन खेळात एक चाल संपल्यावर दुसरी सुरू करायला ४० सेकंद असतात. ही उसंत प्रतिस्पर्ध्याला मिळूच द्यायची नाही, असा ‘अप-टेम्पो स्प्रेड ऑफेन्स’चा डाव असतो.

यातला ‘स्प्रेड’ जागेशी संबंधित आहे. मैदान सुमारे ५३ यार्ड रुंद असते. जुन्या पद्धतीत मात्र बहुतेक खेळाडू मधोमध दाटीने उभे राहत. स्प्रेडमध्ये चेंडू झेलणारे तीन-चार रिसीव्हर दोन्ही कडांकडे पांगतात. त्यांच्यावर नजर ठेवायला बचाव संघालाही माणसे तिकडे धाडावी लागतात आणि मधला भाग विरळ होतो. वरवर ही चेंडू लांब फेकण्याची तयारी वाटते, पण अनेक संघांनी या विरळ जागेचा खरा फायदा घेतला तो चेंडू घेऊन धावण्यासाठी.

त्यासाठीची ‘झोन रीड’ ही चाल प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी १९९०च्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात रुजवली. एरवी बचावाच्या प्रत्येक पुढच्या खेळाडूला कोणीतरी अडवायचे असते. इथे टोकाच्या एकाला मुद्दाम मोकळे सोडतात. आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक चेंडू शेजारच्या धावपटूच्या पोटाशी धरतो, पण नजर त्या मोकळ्या गड्यावर. तो धावपटूवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि त्या गड्यानेच रिकाम्या केलेल्या जागेतून पळतो. गडी जागेवर थांबला, तर चेंडू धावपटूकडे जातो. गड्याने काहीही केले तरी चूकच ठरते, आणि त्याला अडवण्यात आक्रमणाचा एकही माणूस खर्ची पडत नाही.

वेगाचे गणित निराळे आहे. खेळाडू काही जास्त जोरात धावत नाहीत. दोन चालींमधला वेळ आटतो. घोळका होत नाही, सीमारेषेबाहेरून हातवारे किंवा चित्रांचे फलक दाखवून चाल कळवली जाते. आक्रमक संघाने खेळाडू बदलला, तर बचावालाही बदलाची संधी द्यावी लागते. म्हणून आक्रमण तेच अकरा जण मैदानात ठेवते आणि समोरचे थकलेले अकरा जण अडकून पडतात. अर्थात इतक्या घाईत शंभर प्रकारच्या चाली चालत नाहीत. मोजक्याच चाली, पण घोटून घोटून बसवलेल्या. या पद्धतीचे खरे बळ तेच.

याचा सर्वांत गाजलेला प्रयोग ओरेगन विद्यापीठात झाला. चिप केली २००९ ते २०१२ तिथे मुख्य प्रशिक्षक होते. त्या काळात संघाने ४६ सामने जिंकले, ७ गमावले. २०१०च्या हंगामात ओरेगनने सामन्यामागे सरासरी ४७ गुण केले. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात मात्र ऑबर्नने त्यांना २२–१९ असे हरवले.

प्रतिस्पर्ध्यांनी सरळ-वाकडे दोन्ही उपाय केले. २०१०मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका खेळाडूने ओरेगनची लय तोडण्यासाठी दुखापतीचे सोंग घेतले आणि तसे करायला सांगणाऱ्या आपल्याच एका साहाय्यक प्रशिक्षकाला विद्यापीठाने एका सामन्यापुरते निलंबित केले. स्टॅनफर्डचा तोडगा सरळ होता: चेंडू आपल्याकडेच ठेवायचा. २०१३मध्ये त्यांनी ६० पैकी ४२ मिनिटांहून अधिक काळ तो ताब्यात ठेवून ओरेगनला २६–२० असे नमवले. इथे पद्धतीचे व्यंगही उघडे पडते. वेगवान आक्रमण फसले तर तेही झटपट फसते, आणि स्वतःचाच बचाव विश्रांतीविना पुन्हा मैदानात उतरतो.

बचावाला खेळाडू बदलता यावेत म्हणून ४० पैकी पहिले दहा सेकंद चाल सुरू करू नये, असा नियम २०१४मध्ये सुचवला गेला; विरोध होताच तो मागे पडला. या वेगाला आक्षेप घेणाऱ्यांत अलाबामा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन ठळक होते. त्याच वर्षी त्यांनी लेन किफिन यांच्याकडे आक्रमणाची सूत्रे दिली आणि अलाबामाही स्प्रेडकडे वळला.