अकरावीचा पसंतीक्रम आणि त्यामागचे गणित

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता अकरावी कुठे? भंडारा जिल्ह्यात २०२४ पर्यंत त्यासाठी बरीच पायपीट करावी लागे. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात वेगळा अर्ज, प्रत्येकाची वेगळी यादी. चांगल्या गुणांचा एकच विद्यार्थी तीन याद्यांत असे आणि त्याने एक जागा घेऊन बाकीच्या सोडेपर्यंत मागचे ताटकळत बसत. मुंबई, पुणे, नागपूर अशा काही शहरांत केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधीपासून होता. २०२५-२६ या वर्षापासून तो राज्यभर लागू झाला आणि लाखांदूर-पवनीच्या मुलांनाही एकच अर्ज भरावा लागला. त्याच्या पहिल्या भागात स्वतःची माहिती आणि दुसऱ्या भागात कमीत कमी एक व जास्तीत जास्त दहा पसंती.

हा दुसरा भाग भरताना पालक हमखास विचारतात, “मोठं कॉलेज पहिलं लिहिलं आणि ते नाही मिळालं, तर दुसरंही हातचं जाईल का?” ही भीती खरी की खोटी, हे जागावाटपाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. एक छोटे उदाहरण घेऊन आपण ते तपासून पाहू.

समजा, महामार्गावरच्या भंडारा, लाखनी आणि साकोली या तीन गावी प्रत्येकी एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. भंडाऱ्याला १ जागा, लाखनीला १ आणि साकोलीला २. चार विद्यार्थ्यांचे गुण आणि पसंती अशा :

अनिता (९१ टक्के) : भंडारा, साकोली
बबन (८६ टक्के) : भंडारा, लाखनी, साकोली
चंदा (८२ टक्के) : लाखनी, साकोली
दिनेश (७४ टक्के) : साकोली, लाखनी

पहिली पद्धत अशी : सर्वांना गुणांच्या उतरत्या क्रमाने रांगेत उभे करायचे. ज्याची पाळी येईल त्याची यादी वरून खाली वाचायची आणि जी पहिली रिकामी जागा सापडेल ती त्याला द्यायची. अनिताला भंडारा मिळाले. बबनची पाळी आली तेव्हा भंडारा भरलेले होते, म्हणून त्याला लाखनी. चंदाला लाखनी मिळाले नाही, साकोली मिळाले. दिनेशलाही साकोली.

दुसऱ्या पद्धतीत आधी सर्वांच्या फक्त पहिल्या पसंती पाहायच्या, त्या जागा कायमच्या देऊन टाकायच्या, आणि मग उरलेल्यांची दुसरी पसंती पाहायची. आता भंडारा अनिताला, लाखनी चंदाला आणि साकोलीची एक जागा दिनेशला जाते. बबनची दुसरी पसंती लाखनी, पण ती तर संपली! त्याला साकोलीला जावे लागते. चंदापेक्षा चार टक्के जास्त असूनही लाखनी हातची गेली, कारण त्याने मनातले खरे उत्तर लिहिले.

म्हणजे पालकांची भीती दुसऱ्या पद्धतीत अगदी रास्त आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात शाळाप्रवेशासाठी बरीच वर्षे याच धर्तीची पद्धत होती. जाणते पालक हिशेब करून यादी भरत आणि साधीभोळी माणसे नुकसान सोसत. म्हणून २००५ मध्ये बॉस्टनने ती सोडली.

अकरावीचा केंद्रीय प्रवेश पहिल्या पद्धतीने होतो. आरक्षित जागांचा हिशेब प्रवर्गानुसार होतो, पण तत्त्व तेच राहते. बबनने लाखनी पहिले लिहिले असते, तरी त्याला लाखनीच मिळाले असते. वर भंडारा लिहिल्याने त्याचे काहीच गेले नाही. उलट अनिता ऐनवेळी नागपूरला गेली असती, तर भंडारा त्यालाच मिळाले असते.

या प्रश्नाचा गणिती पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ मध्ये घातला. प्रत्येक संस्थेचे निकष वेगळे असले, तरी जागा अशा वाटता येतात की ‘माझ्यापेक्षा खालच्याला माझ्या आवडीची जागा मिळाली’ अशी तक्रार कोणालाच करता येऊ नये, हे त्यांनी सिद्ध केले. युक्ती अशी की संस्थेने जागा लगेच पक्की करायची नाही. अर्ज राखून ठेवायचा आणि जास्त योग्य उमेदवार आला तर आधीच्याला पुढच्या पसंतीकडे जाऊ द्यायचे. आपल्याकडे सर्वांना दहावीचे गुण हा एकच निकष असल्यामुळे ही पद्धत साध्या रांगेइतकी सोपी होते. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये माध्यमिक शाळांसाठी ती स्वीकारली. पूर्वी तिथे सुमारे ३० हजार मुलांना यादीत न लिहिलेल्या शाळेत जावे लागे. ती संख्या सुमारे ३ हजारांवर आली. शेपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या विषयातील कामासाठीच.

मग मुलांचे नुकसान कुठे होते? दोन ठिकाणी.

एक, यादी तोकडी ठेवल्याने. चंदाने फक्त लाखनी लिहिले असते, तर ८२ टक्के असूनही ती या फेरीत जागेविना राहिली असती आणि ७४ टक्क्यांचा दिनेश साकोलीला गेला असता. न लिहिलेली जागा यंत्र देत नाही. म्हणून वरच्या ओळींत मनातली नावे आणि शेवटच्या एकदोन ओळींत नक्की मिळेल असे जवळचे महाविद्यालय, असे भरावे. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, हे पाहिले की अंदाज येतो.

दोन, पहिल्या पसंतीच्या नियमाने. २०२५ च्या नियमानुसार पहिली पसंती मिळाली की तिथे प्रवेश घेणे भाग होते. न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होई. दुसरी ते दहावी पसंती मिळाल्यास मात्र पुढच्या फेरीची वाट पाहता येत होती. त्या वर्षी पहिल्या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार जणांना जागा मिळाली, त्यांपैकी सुमारे ४ लाख ५७ हजारांना पहिल्या पसंतीची. इतक्या जणांसाठी पहिली ओळ हाच अंतिम निर्णय होता!

आता विचार करा, तुमसर तालुक्यातल्या एखाद्या मुलीने हौसेने नागपूरचे महाविद्यालय पहिले लिहिले आणि ते मिळाले. वसतिगृहाचा खर्च घरच्यांना झेपत नसेल तर? यंत्राला गुण कळतात. एस.टी. किती वाजता सुटते, धानाच्या रोवणीत घरी किती हात लागतात, हे त्याला कळत नाही. ते ठरवून मगच पहिली ओळ लिहायची.

हे काम अर्ज भरणाऱ्या सायबर कॅफेवर सोडता येणार नाही. ते दहावीच्या वर्गातच व्हायला हवे. एका तासिकेत करता येईल असा प्रयोग सांगतो. फळ्यावर पाचसहा महाविद्यालये आणि प्रत्येकाच्या जागा लिहा. मुलांना चिठ्ठीने गुण वाटा, कारण खरे गुण घेतले तर कोणीतरी खट्टू होईल. प्रत्येकाने आपला पसंतीक्रम कागदावर लिहावा. मग त्याच कागदांवरून दोन्ही पद्धतींनी जागा वाटा आणि कोण कुठे गेले याची तुलना करा. दुसऱ्या पद्धतीत आपल्या वर्गात किती बबन निघाले, ते मुलांनाच मोजू द्या. शेवटी, “पहिली ओळ मिळाली तर खरंच जाशील का?” हा प्रश्न प्रत्येकाने घरी आईवडिलांबरोबर बसून सोडवावा, असा गृहपाठ द्या.