विनोदकाराचे सुतक

कॅलिफोर्नियातील सांता रोझा या गावच्या रंगमंचावर १ मार्च २००८ रोजी सत्तर वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा एक मनुष्य एकटाच उभा राहिला आणि, ज्या विषयाचे नाव निघताच सभ्य माणसे आवाज खाली आणतात, त्या मृत्यूविषयी भरल्या सभागृहाशी मोकळेपणाने बोलू लागला. ओळखीचा कोणी वारला म्हणजे पत्त्यांच्या वहीतून त्याचे नाव खोडायचे ते किती आठवडे थांबून. ‘काही लागले तर सांगा’ असे मयताच्या घरच्यांना जो-तो म्हणतो, पण त्यांनी खरोखरच एखादे काम सांगितले तर त्याची किती त्रेधा उडेल. आणि गेलेला मनुष्य वरून आपल्याकडे पाहून हसत आहे, असे आपण ज्या समजुतीच्या बळावर म्हणतो ती समजूत क्षणभर तपासून पाहिली तर तिचे काय उरते, हे सारे तो गाठ सोडवावी तसे सोडवीत गेला आणि लोक पोट धरून हसत राहिले. त्यानंतर चार महिने पुरे व्हायच्या आत, २२ जूनच्या रविवारी, सांता मोनिका येथील रुग्णालयात हृदय निकामी होऊन तो गेला. मार्चमध्ये हसलेल्या लोकांवर जूनमध्ये शोक करण्याची पाळी आली. आणि शोकाच्या वेळी मनुष्य ज्या तयार वाक्यांचा आधार घेतो, ती वाक्ये तर त्यानेच त्यांच्या हातून काढून घेतली होती.

जॉर्ज कार्लिन हे त्याचे नाव. आवडत्या कलावंताचा उल्लेख आपण मराठीत पुष्कळदा एकेरीत करतो, कारण तो दूरचा वाटत नाही, आणि कार्लिनच्या बाबतीत त्याच्या श्रोत्यांची भावना नेमकी हीच होती. आपल्या धर्मशास्त्राने सुतकाचे नियम फार बारकाईने घालून दिले आहेत: कोणत्या नात्याला दहा दिवस, कोणत्या नात्याला तीन, कोणत्या नात्याला नुसते स्नान. परंतु ज्याच्याशी रक्ताचा संबंध नाही, ज्याला उभ्या आयुष्यात एकदाही भेटलो नाही, अशा माणसाच्या मृत्यूने घर सुने वाटू लागले तर त्याचे सुतक किती दिवस धरावे, याची तरतूद कोणत्याच शास्त्रात नाही. कार्लिनच्या मृत्यूनंतर अमेरिकेतील असंख्य माणसांची स्थिती अशी झाली होती, आणि ती का झाली हे समजण्यासाठी त्याच्या कलेचे स्वरूप आधी ध्यानात घ्यावे लागेल.

तिकडे ज्याला ‘स्टँड-अप’ म्हणतात त्या प्रकारात नेपथ्य नाही, वेषभूषा नाही, सहकलाकार नाहीत. एक मनुष्य, एक ध्वनिक्षेपक आणि समोरचा अंधार, एवढाच त्याचा संसार. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ ज्यांनी पाहिले आहे त्यांना एकट्या माणसाने रंगमंच भरून टाकणे म्हणजे काय हे सांगायला नको. परंतु पुलं चाळीतील बिऱ्हाडकरूंच्या भूमिकांत शिरत, तर स्टँड-अप करणारा बहुधा स्वतःच्याच नावाने आणि स्वतःच्याच मतांचा धनी म्हणून बोलतो. नटाच्या निधनाने आपण एक अभिनय गमावतो, पण या माणसाच्या निधनाने आपल्याशी बोलणारे कोणीतरी गप्प होते. त्यातून कार्लिनने १९७७ पासून २००८ पर्यंत एच.बी.ओ. या दूरचित्रवाणी वाहिनीसाठी चौदा दीर्घ प्रयोग केले. त्याचे केस पिकताना, त्याचा संताप अधिकाधिक धारदार होताना त्याच्या श्रोत्यांनी तीस वर्षे पाहिला, आणि तेही त्याच्याबरोबर म्हातारे होत गेले. १९७८ सालीच त्याला हृदयविकाराचा पहिला झटका आला होता. आपल्या आजारांचाही तो मंचावर विषय करी. त्यामुळे त्याचे मरण अनपेक्षित होते असे म्हणता येत नाही. तरी ते त्याच्या श्रोत्यांना जड गेले.

न्यूयॉर्कमध्ये १२ मे १९३७ रोजी जन्मलेल्या या मुलाला त्याच्या आईने दारुड्या नवऱ्यापासून दूर होऊन एकटीने वाढवले. हवाईदलातील नोकरी, लुइझियाना आणि टेक्सासमधील नभोवाणी केंद्रांवरील निवेदन असे टप्पे घेत तो १९६० साली विनोदाच्या व्यवसायात स्थिरावला, आणि सूट घालून दूरचित्रवाणीवर सभ्य नकला करणारा यशस्वी कलावंत म्हणून दहा वर्षे सुखाने जगला. पुढे दाढी वाढवून, सूट टाकून, मिळकतीवर पाणी सोडून त्याने जे बोलायला आरंभ केला, ते त्याचे खरे जीवितकार्य. १९७२ सालच्या ‘क्लास क्लाउन’ या ध्वनिमुद्रिकेत दूरचित्रवाणीवर कधीही उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांची त्याने यादी दिली, आणि त्याच वर्षी जुलैत मिल्वॉकीच्या उत्सवात ती म्हणून दाखवल्याबद्दल पोलिसांनी त्याला पकडले. डिसेंबरात खटला निकाली निघून तो सुटला. १९७३ च्या ऑक्टोबरात डब्ल्यू.बी.ए.आय. या न्यूयॉर्कच्या केंद्राने त्याच धर्तीचे त्याचे एक भाषण भर दुपारी प्रक्षेपित केले. मोटारीत मुलगा बरोबर असताना ते कानी पडलेल्या एका गृहस्थाने प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे फिर्याद दिली, आणि हे प्रकरण चढत चढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ जुलै १९७८ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने निर्णय दिला की, मुले ऐकत असण्याचा संभव आहे अशा वेळी असे शब्द प्रक्षेपित करण्याला आळा घालण्याचा आयोगाला अधिकार आहे. एका विदूषकाचे भाषण न्यायनिवाड्याला परिशिष्ट म्हणून जोडले गेले, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते तेव्हापासून अभ्यासावे लागते.

ही केवळ शिवराळपणाची आवड होती असे मानणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. शब्द सत्य झाकू लागला की मनुष्य निर्दय होतो, ही त्याची श्रद्धा होती. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने मन मोडून पडलेल्या सैनिकाच्या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात तिला ‘बॅटल फटीग’ हे नाव मिळाले, कोरियाच्या युद्धात ‘ऑपरेशनल एक्झॉशन’, आणि व्हिएतनामनंतर ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’. नाव लांबत गेले आणि त्यातील वेदना विरत गेली, हे १९९० सालच्या प्रयोगात त्याने ज्या कळवळ्याने मांडले, तो कळवळा ऐकल्यावर त्याला कोणी नुसता हसवणारा म्हणणार नाही. त्याच ओघात मरणासाठी वापरल्या जाणाऱ्या गुळगुळीत शब्दांचाही त्याने समाचार घेतला होता. कैलासवासी, वैकुंठवासी, देवाज्ञा झाली, निवर्तले, काळाच्या पडद्याआड गेले, असा केवढा तरी साठा बाळगणाऱ्या आपल्या भाषेलाही तो समाचार लागू पडतो.

म्हणून जूनच्या त्या आठवड्यात त्याच्या चाहत्यांपुढे पडलेला पेच मला फार हृद्य वाटतो. ‘ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो’ म्हणावे, तर ईश्वर आणि आत्मा या दोहोंवर त्याचा विश्वास नव्हता. ‘तो वरून पाहत असेल’ म्हणावे, तर सांता रोझाचा प्रयोग कानांत ताजा होता. उरले त्याचेच शब्द, आणि असंख्यांनी तोच मार्ग धरला: जुन्या ध्वनिमुद्रिका पुन्हा लावल्या, त्याची भाषणे एकमेकांना म्हणून दाखवली, आणि आदरांजली म्हणून ते सात शब्द क्रमाने लिहिले. मृत्युलेख लिहिणाऱ्या बहुतेक वृत्तपत्रांना मात्र ज्या शब्दांमुळे तो इतिहासात गेला ते छापता आले नाहीत. एच.बी.ओ.ने त्याचे प्रयोग ओळीने दाखवले. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाचा १९७५ सालचा अगदी पहिला भाग, ज्याचा सूत्रधार तो होता, पुन्हा प्रक्षेपित झाला. त्याचा समव्यवसायी जेरी साइनफेल्ड याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की, थोड्याच दिवसांपूर्वी आपण दोघे दूरध्वनीवर नुकत्याच वारलेल्या नामवंतांविषयी थट्टेने बोलत होतो. मार्क ट्वेन पारितोषिक त्याला जाहीर झाले ते मृत्यूच्या काही दिवस आधी. नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये ते दिले गेले तेव्हा घ्यायला तो नव्हता.

प्रेमाचा अतिरेक कधी कधी मृताच्या तोंडी भलतेच घालतो. आपल्या काळाच्या विसंगतींवरचे एक भाबडे प्रवचन त्याच्या नावावर जगभर फिरत होते, आणि आपल्याकडेही अनेकांनी ते भक्तिभावाने वाचून पुढे पाठवले असेल. ते वस्तुतः एका अमेरिकन धर्मोपदेशकाचे. कार्लिनने हयातीतच ते आपले नसल्याचे बजावून सांगितले होते. याहून गंभीर प्रकार २०२४ च्या जानेवारीत घडला: त्याच्या आवाजाची यंत्राने नक्कल करून, मेल्याचा आनंद झाला अशा अर्थाचे नाव देऊन, तासाभराचा एक नवाच ‘प्रयोग’ प्रसिद्ध करण्यात आला. त्याची कन्या केली हिने उघड निषेध केला, वारसांनी दावा लावला, आणि एप्रिलमध्ये तडजोड होऊन तो प्रयोग मागे घेण्यात आला. ज्याने जन्मभर एकेक शब्द पारखून घेतला, त्याच्या कंठातून दुसऱ्याचे शब्द काढणे ही मला निव्वळ विटंबना वाटते. त्याची खरी टिपणे, कागदाच्या कपट्यांवर लिहून विषयवार लावलेली, केलीने जेम्सटाउन येथील नॅशनल कॉमेडी सेंटरच्या दफ्तरी दिली आहेत, आणि ज्याला त्याचा सहवास हवा असेल त्याने तेथे जावे.

कारण त्याची समाधी नाही. १९९० सालीच त्याने लेखी सूचना करून ठेवली होती की, आपले दहन व्हावे, अस्थी कोणी जवळ ठेवू नयेत किंवा एका जागी पुरू नयेत, सार्वजनिक वा धार्मिक विधी कसलाच करू नये. घरी जिवलगांनी जमावे, ‘रिदम अँड ब्लूज’ संगीत लावावे आणि पुष्कळ हसावे. त्याची रक्षा न्यूयॉर्कमधील ज्या क्लबांत तो उभा राहिला होता त्यांच्या दारांसमोर, आणि न्यू हॅम्पशायरमधील ज्या स्पॉफर्ड सरोवराकाठी तो मुलपणी उन्हाळी शिबिराला जाई त्यात, विखुरण्यात आली. तेव्हा चाहत्यांनी निदान त्याच्या बालपणाच्या रस्त्याला त्याचे नाव मिळावे म्हणून अर्ज केला. हा रस्ता मॅनहॅटनमधील पश्चिम १२१ वा. परंतु या रस्त्याच्या ज्या तुकड्यावर त्याचे घर होते त्याच तुकड्यावर कॉर्पस क्रिस्टी हे कॅथलिक चर्च आणि कार्लिन लहानपणी जिथे शिकला ती शाळा आहे, आणि धर्माची इतकी चेष्टा करणाऱ्याचे नाव आपल्या दारात नको, अशी चर्चची हरकत आली. अखेर तडजोड झाली, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात ‘जॉर्ज कार्लिन वे’ ही पाटी शेजारच्या तुकड्यावर, मॉर्निंगसाइड ड्राइव्ह आणि ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू यांच्या दरम्यान लागली. ती वाचून ज्याला त्याचे घर पाहायचे असेल, त्याला ॲव्हेन्यू ओलांडून आणखी थोडे पश्चिमेकडे चालावे लागते.