गळीत हंगाम आणि हवेतले सूक्ष्म कण

कोल्हापूर जिल्ह्यात परतीचा पाऊस थांबतो, त्याच सुमारास साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. जून ते सप्टेंबर पावसाने धुतली गेलेली हवा त्यानंतर मार्चपर्यंत जवळजवळ कोरडीच राहते. उसाची तोड, गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या हे सारे याच काळात जोरात असते. हिवाळ्यात सूक्ष्म कणांचे प्रदूषण वाढते ते काही अंशी या योगायोगामुळे.

सूक्ष्म कण म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे, पीएम २.५ नावाने ओळखले जाणारे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. कारखान्याजवळच्या वस्तीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी डोळ्यांत भरते, तक्रारीही तिच्याच होतात. पण ती जड असल्याने लवकर खाली बसते. घातक कण दिसत नाहीत. ते फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि हवेत कित्येक दिवस तरंगू शकतात. भारतात २००९ पासून त्यांची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे.

यांतले काही कण थेट ज्वलनातून येतात. तोडीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात उरते. खोडव्यासाठी रान लवकर मोकळे करायचे म्हणून ते अनेक ठिकाणी पेटवले जाते, तेही बहुधा वारा पडल्यावर, कारण आग आवरायला सोपी जाते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात वाळलेली चिपाडे जळतात. तिथे आच जळव्याच्या हातात असते. एकदम जास्त जळण कोंबले की हवा कमी पडते आणि काळा धूर निघतो. मोठ्या कारखान्यांना धूर गाळणारी यंत्रणा बसवावी लागते, चुलवाणाला तशी काही नसते; गुऱ्हाळांची संख्या मात्र पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे. त्यात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, इचलकरंजीतल्या कापड प्रक्रियेचे बॉयलर, पुणे-बंगळूर महामार्गावरचे ट्रक आणि जागोजाग पेटणारा कचरा यांची भर पडते.

दुसरा मोठा वाटा हवेतच तयार होतो, आणि नेमका तोच चर्चेतून निसटतो. कोळसा व कोक जळताना सल्फर डायऑक्साइड, तर वाहनांतून आणि भट्ट्यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. हवेत त्यांचे सल्फ्युरिक व नायट्रिक आम्ल बनते. युरिया टाकलेल्या रानातून आणि गुरांच्या शेणमुतातून उडणारा अमोनिया या आम्लांना भेटला की अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटचे घन कण तयार होतात. ऊस आणि दूध या दोन्हींवर उभ्या असलेल्या जिल्ह्यात अमोनियाचा तुटवडा नाही. नायट्रेटला थंडी आणि दमट हवा मानवते. ऊन तापले की त्यातला काही भाग पुन्हा वायुरूप होतो. सल्फेट मात्र टिकून राहते, आणि धुक्याच्या थेंबांत ते अधिक झपाट्याने बनते. धुरातली सेंद्रिय वाफही गारठून कणांवर बसते.

हे सगळे साचून राहते ते हवेच्या रचनेमुळे. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर उबदार थर राहतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. गार हवा जड असल्याने वर चढत नाही. पंचगंगेच्या खोऱ्यासारख्या सखल भागात ती अधिकच साचते. उन्हाळ्याच्या दुपारी धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळू शकतो, हिवाळ्याच्या पहाटे तोच जमिनीलगतच्या काहीशे मीटरांत कोंडतो. म्हणून संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा धूर दुपारच्या धुरापेक्षा जास्त बाधतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचा समावेश आहे. या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर मोजली जाते. त्यामुळे रस्ते झाडणे आणि पाणी मारणे यांचे फळ आकड्यांत लगेच दिसते. ही कामे धुळीसाठी योग्यच, पण अमोनियम नायट्रेट रस्त्यावर पडलेले नसते. त्यासाठी पाचट न जाळता सरीत कुजवणे, कोकच्या भट्टीऐवजी विजेची भट्टी वापरणे आणि युरिया मातीआड करणे हे उपाय लागतात, आणि त्यांतले बरेचसे महापालिकेच्या हद्दीबाहेरचे आहेत.