अंगणातला किल्ला आणि घरातला इंजिनियर

‘इंजिनियर’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरात पहिल्यांदा उच्चारला जातो तो बहुधा बारशाच्या दिवशीच. पाळण्यातल्या बाळाने आत्याच्या बांगडीशी जरा खटपट केली, की “मोठेपणी इंजिनियर होणार हो!” असे भविष्य कोणीतरी वर्तवतेच. पुढे पंधरा-सोळा वर्षे त्या शब्दाची कोणाला आठवण नसते. मग बारावी येते, आणि तो एकदम क्लास, मार्क आणि प्रवेश यांच्या गर्दीत सापडतो. मधल्या काळात मुलाच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर आलाच, तर “ठेव आधी खाली, मोडशील काहीतरी!” एवढाच मंत्र त्याच्या कानी पडलेला असतो.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझा अधिकार शब्दांपुरता. पण या शब्दाचे मूळच मोठे बोलके आहे. त्याच्या मुळाशी ‘इंजेनियम’ हा लॅटिन शब्द आहे, आणि त्याचा अर्थ यंत्र नव्हे, तर उपजत बुद्धी, कल्पकता. म्हणजे आधी कल्पकता, यंत्र मागाहून, आणि पदवी तर त्याच्याही मागाहून. या कल्पकतेची एक शाळा आपल्याकडे दर दिवाळीत भरते. तिला फी नाही, गणवेश नाही. तिचे नाव किल्ला!

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीमागच्या अंगणात शेजारची नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ असाच किल्ला करीत होती. दगड-विटा रचून झाल्या, वर माती थापून झाली, आणि सकाळी तांब्याभर पाणी ओतताच एक अख्खी बाजू घसरून खाली आली. भावाने भोकाड पसरले. वडील कामावर निघाले होते. ते म्हणाले, “रडू नकोस रे, बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. संध्याकाळी घेऊन येतो.” त्यावर गॅलरीतून आजी कडाडल्या, “तयार आणलास तर पोरांनी करायचं काय? त्याला हळदकुंकू वाहायचं? तो पडला का, ते बघू दे की तिला!”

वाचकहो, आजींचा हा ‘पडला का?’ म्हणजे इंजिनियरिंगचा पहिला धडा. माती थोडी ओली असली की कण एकमेकांना धरून राहतात. पाणी जास्त झाले की तीच माती जड होते, निसरडी होते आणि उतार सोडते. मुलीने दुपारभर खटपट करून उतार कमी केला, दगडांवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरले आणि पाणी वाहून जायला बोटभर रुंदीचा पाट काढला. वर अळीव पेरले. चार-पाच दिवसांत त्याची मुळे माती धरू लागली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दरडींना लोखंडी जाळ्या लावलेल्या आपण पाहतो. जाळी दगड धरते, गोणपाट माती, धडा एकच!

संध्याकाळी वडील रिकाम्या हातांनीच आले, आणि बूट न काढता ओट्यावर बसून लेकीला विचारू लागले, “हा पाट इकडूनच का काढलास ग?”

मुलांना मोठ्यांकडून हवे असते ते एवढेच. प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. रायगडाला मुले घेऊन जाल तेव्हा सिंहासनाची जागा दाखवाच. पण जगदीश्वराच्या मंदिराची ती पायरीही दाखवा, जिच्यावर गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव कोरलेले आहे. आणि विचारा, एवढ्या उंचीवर माणसे पाणी काय पीत असतील? आपल्या कित्येक गडांवर बांधकामासाठी दगड काढला, आणि त्या खाणींचीच पाण्याची टाकी झाली. एका घावात दोन कामे!

अंगण नसेल त्यांनी हिरमुसू नये. अरविंद गुप्ता हे १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेले इंजिनियर. त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्या सामानातून मुलांना भूमिती शिकवली. पुढे पुण्याच्या ‘आयुका’त टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि २०१८ साली पद्मश्रीचे मानकरी झाले. आपण काड्यांच्या टोकांना भिजवलेले वाटाणे लावले तरी चालेल. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर बोट दाबा; तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो हटत नाही. चौकोनाला एक आडवी-तिरपी काडी दिली, की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. मग आगगाडी लोखंडी पुलावरून जाताना मूल खिडकीतून त्रिकोणच मोजत बसेल.

तेव्हा या दिवाळीत फटाक्यांच्या यादीतून दोन ओळी कमी करा आणि मुलांना एक पोते माती द्या, सेल काढलेले बंद घड्याळ द्या. विजेच्या उपकरणांना मात्र हात लावू देऊ नका. रांगोळीला मुलगी आणि किल्ल्याला मुलगा, अशी वाटणीही करू नका. रांगोळीचे ठिपके मोजणारे डोळे बुरुजाचा उतारही मोजतात. आणि बुरूज पडला, तर तो उचलायला स्वतः धावू नका. तो का पडला, हे शोधण्याचा आनंद ज्याने लहानपणी घेतला, तो पुढे इंजिनियर झाला तर उत्तमच; आणि नाही झाला, तरी आयुष्यात काही कोसळले की कपाळाला हात लावून बसणार नाही.