अंगावरून पांढरे जाणे : स्वाभाविक कोणते, आजार कोणता?

१९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी तेथील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही व्याधी आढळली. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. एवढे दुखणे मुकाट्याने अंगावर काढले जात होते.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांत याच संकोचाचे दुसरे टोक दिसते. तेथे निरोगी शरीरालाच अस्वच्छ ठरवून सुगंधी द्रव, पुसण्याचे ओले कागद, रोज वापरायचे पातळ पॅड यांची खरेदी होते. विचारायचे कोणाला, हा प्रश्न मात्र खेड्यात आणि उपनगरात सारखाच.

वास्तविक योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. दही लावणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातील लॅक्टोबॅसिलस तेथे वस्ती करून असतात. ते आम्ल निर्माण करतात, आणि त्या आम्लतेत (सामू साधारण ३.८ ते ४.५) अपायकारक जंतू सहसा टिकत नाहीत. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतले की हे रक्षकच वाहून जातात. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. दही आत लावण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. कूळ एक असले तरी स्वयंपाकघरातील दही हे औषध नव्हे.

स्राव महिनाभर एकसारखा नसतो. पाळीच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या सुमारास, तो पारदर्शक, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. पुढे दाट, पांढरट. सुकल्यावर कपड्यावर पिवळसर डाग दिसतो. गर्भारपणात तो वाढतो, पाळी गेल्यावर घटतो व कोरडेपणा येतो. किंचित आंबूस वासही स्वाभाविक. आतील ओठ लहानमोठे असणे, बाहेर डोकावणे, त्यांचा रंग अंगाहून गडद असणे, यांतही दोष नाही. वयात येणाऱ्या मुलीला हे आईने किंवा काकीने आधीच सांगितले, तर तिची कित्येक महिन्यांची धास्ती वाचते.

किरकोळ जळजळीची कारणे बहुधा रोजच्या व्यवहारात सापडतात. पावसाळ्यात न वाळलेले अंतर्वस्त्र, घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे, लोकलच्या गर्दीतला घाम, नवा साबण, तासन्‌तास न बदललेले पॅड. कारण दूर केल्यावर त्रास दोन-तीन दिवसांत ओसरावा. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्या स्त्रिया शौचालयाच्या अभावी पाणीच कमी पितात. चौविहार पाळणाऱ्यांचे सूर्यास्तानंतरचे पाणीही बंद असते. लघवी गडद होऊन जळजळते ती त्यामुळे. दिवसा पाणी पुरेसे प्यावे, लघवी रोखून धरू नये. तरीही जळजळ राहिली तर लघवी तपासून घ्यावी.

पनीरच्या चुऱ्यासारखा स्राव आणि तीव्र खाज असेल तर बुरशीचा संसर्ग संभवतो. तो वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावीच. मधुमेहाची पहिली खूण कधी कधी हीच असते. राखाडी, मासळीसारख्या उग्र वासाचा स्राव जिवाणूंचे संतुलन बिघडल्याचे सांगतो. हिरवट, फेसाळ स्राव असेल तर पतीलाही उपचार घ्यावे लागतात, आणि त्यात कोणी कोणावर संशय घेत बसण्यापेक्षा दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जावे. औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेल्या खाजेच्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग बुरशी अधिक पसरते.

ओटीपोटात दुखून ताप येणे, फोड किंवा जखम, शरीरसंबंधानंतर रक्तस्राव, ही लक्षणे दिसताच लगेच दाखवावे. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी सासूबाईंनी तो ‘उष्णतेचा’ म्हणून सुनेपासून लपवू नये. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.