नागपाड्यात कावाखाना शोधताना

परवा नागपाड्यात कामाला गेलो होतो. टपरीवर चहा घेता घेता विचारलं, "इथे कावाखाना कुठे होता हो?" चहावाल्याला पत्ता नव्हता. शेजारचे एक चाचा म्हणाले, "कोण राहायचं तिथे?"

काय सांगणार? दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) भेटतो तो कावाखाना. एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं, जवळच कामाठीपुरा. पुस्तक धामणगावचा महारवाडा आणि ही मुंबई यांत सतत ये-जा करतं. गाव सुटलं तरी जात सुटत नाही, इथे ती नव्या पत्त्यावर पोचलेली असते.

'बलुतं' वाचलं तेव्हापासून दलित आत्मकथनं मी नकाशासारखी वाचतो. कोण कुठे बसतं, पाणी कुठून भरतं, कुठल्या वाटेने शाळेत जातं, हे बघायचं. जात तिथे उघड दिसते.

लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'त (१९८०) तर गावाबाहेरचीही कायमची जागा नाही. कैकाडी कुटुंबाचं बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर. मला हे पुस्तक सगळ्यात जड गेलं.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकण आहे, बांबूच्या टोपल्या विणणारी आई आहे. बाईच्या नजरेतून घर आणि बाजाराची वाट वेगळीच दिसते. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'ही सोबत वाचा.

या नकाशावरची नावंही जातीचीच, महारवाड्यासारखी. वस्त्यांची अशी जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. म्हणजे 'बलुतं'नंतर ४२ वर्षांनी!

तुमच्या गावात अशा वस्तीला आज काय म्हणतात? आणि कावाखान्याची नेमकी जागा कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, चाचांना उत्तर द्यायचं राहिलंय.